अपुऱ्या पारखीवरचे दीर्घ मुदतीचे करार : न्यूयॉर्क आयलंडर्स संघाच्या २००६ मधील गोलरक्षक-कराराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

हॉकी म्हटले की भारतीय वाचकाच्या डोळ्यांसमोर हिरवे मैदान, ध्यानचंद आणि ऑलिम्पिकमधील सुवर्णपदके उभी राहतात. अमेरिका आणि कॅनडा या देशांत मात्र हॉकी म्हणजे पायांत धारदार पात्यांचे बूट घालून, बर्फाच्या रिंगणात, रबराच्या चकतीने खेळला जाणारा वेगवान खेळ होय. या खेळाची सर्वांत मोठी व्यावसायिक संघटना म्हणजे १९१७ मध्ये स्थापन झालेली नॅशनल हॉकी लीग. तेथील खेळाडू हा संघाचा पगारदार असतो. त्याचा पगार आणि त्याची मुदत लेखी कराराने ठरते आणि हा करार बहुतांशी हमीचा असतो. म्हणजे खेळाडूचा खेळ खालावला किंवा तो जायबंदी झाला, तरी संघाला पगार थांबवता येत नाही. मुदतीपूर्वी करारातून सुटायचे असेल, तर उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग, उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात हप्त्याहप्त्याने खेळाडूला द्यावा लागतो. खेळाडू सव्वीस वर्षांच्या आतील असेल तर हा भाग एक तृतीयांश असतो. या व्यवहाराला तिकडे 'बायआउट' म्हणतात. जायबंदी असलेल्या खेळाडूच्या बाबतीत सर्वसाधारणपणे हा मार्गही बंद असतो.

अशा व्यवस्थेत १२ सप्टेंबर २००६ रोजी न्यूयॉर्क आयलंडर्स या संघाने रिक डिपिएट्रो या गोलरक्षकाशी १५ वर्षांचा, एकूण ६ कोटी ७५ लाख डॉलरचा करार केला. वयाची २५ वर्षे पूर्ण होण्यास डिपिएट्रो यांना तेव्हा एक आठवडा बाकी होता. करार संपताना ते ३९ वर्षांचे होणार होते. तोपर्यंत लीगमध्ये त्यांच्या नावावर १४३ सामने आणि ५८ विजय होते. या कराराची गणना पुढे क्रीडा-व्यवहारातील प्रसिद्ध घोडचुकांत झाली आणि तो थट्टेचाही विषय ठरला. थट्टेने इतिहासाचे काम मात्र भागत नाही. हा करार कोणत्या परिस्थितीत झाला, त्यामागे कोणता हिशेब होता आणि तो हिशेब नेमका कोठे फसला, हे तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. या करारातील धोका रकमेत नव्हता. तो मुदतीत होता, आणि ज्या जागेवर खेळणाऱ्या माणसाची पारख सर्वांत उशिरा होते त्या जागेसाठी ही मुदत बांधून देण्यात होता, असे येथे प्रतिपादन केले आहे.

लाँग आयलंडची परिस्थिती

आयलंडर्स हा संघ १९७२ मध्ये न्यूयॉर्क शहरालगतच्या लाँग आयलंडवर स्थापन झाला. १९८० ते १९८३ अशी सलग चार वर्षे त्याने स्टॅन्ली चषक जिंकला. त्यानंतर मात्र संघाला उतरती कळा लागली. १९९३ नंतर थेट २०१६ पर्यंत या संघाला बाद फेरीतील एकही मालिका जिंकता आली नाही. १९९६-९७ मध्ये तर पैसा नसताना धनिक असल्याची बतावणी करणाऱ्या एका गृहस्थाने संघाची खरेदी जवळजवळ पार पाडली होती. पेशवाईतील तोतयाचे बंड ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा प्रकार फारसा अपरिचित वाटणार नाही. संघाचे क्रीडागार, नासाऊ कोलिसियम, जुने झाले होते आणि नामांकित खेळाडू तेथे येण्यास उत्सुक नसत.

२००० मध्ये संगणक-प्रणालींच्या व्यवसायात मोठे नाव कमावलेले चार्ल्स वाँग या संघाचे सहमालक झाले. शांघायमध्ये १९४४ मध्ये जन्मलेले आणि बालपणीच न्यूयॉर्कला आलेले वाँग हे काँप्युटर असोसिएट्स या कंपनीचे संस्थापक होते. हॉकीच्या जगात ते बाहेरून आले होते, आणि या जगात चालत आलेल्या रीतीच शहाणपणाच्या असतात असे त्यांनी कधी मानले नाही. ही वृत्ती त्यांचे बळही होते आणि उणीवही.

त्याच वर्षी २४ जून रोजी झालेल्या नवोदितांच्या निवडीत, म्हणजे ज्याला 'ड्राफ्ट' म्हणतात त्यात, पहिली निवड करण्याचा मान आयलंडर्सकडे होता. तत्कालीन महाव्यवस्थापक माइक मिल्बरी यांनी बॉस्टन विद्यापीठाकडून एक हंगाम खेळलेल्या डिपिएट्रो यांची निवड केली. गोलरक्षकाला पहिल्या क्रमांकावर निवडण्याची ही १९६८ नंतरची पहिलीच वेळ होती. त्या दिवशी आणखी एक निर्णय झाला. संघाकडे रॉबर्टो लुओंगो नावाचा तरुण गोलरक्षक आधीपासून होता. १९९७ मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडलेल्या या खेळाडूला ऑली योकिनेन यांच्यासह फ्लोरिडाच्या संघाकडे धाडण्यात आले. पुढे लुओंगो यांनी ४८९ विजय मिळवले आणि २०२२ मध्ये त्यांचा समावेश हॉकीच्या सन्मान-दालनात झाला. याच निवडसत्रात २०५ व्या क्रमांकावर, जेथे बहुतेक संघांचे लक्ष उडालेले असते, न्यूयॉर्क रेंजर्सने हेन्रिक लुंडक्विस्ट यांना घेतले. त्यांच्याही नावावर पुढे ४५९ विजय जमा झाले आणि २०२३ मध्ये त्यांना तोच सन्मान मिळाला. पहिला आणि दोनशे पाचवा या क्रमांकांमधील हे अंतर कोणा एका संघाचे अज्ञान दाखवत नाही. गोलरक्षकाच्या भवितव्याविषयी त्या काळी सर्वांनाच किती कमी कळत होते, याचा तो पुरावा आहे.

वेतनमर्यादेचे अंकगणित

दीर्घ मुदतीचे करार २००६ मध्ये अपूर्व होते असे नाही. वेन ग्रेट्झकी यांनी १९७९ मध्ये, अठराव्या वाढदिवशी, एडमंटनच्या मालकाशी २१ वर्षांचा करार केला होता. त्याच मालकाने १९८८ मध्ये त्यांना लॉस एंजेलिसला धाडले, हा भाग वेगळा. खुद्द वाँग यांच्या कारकिर्दीत सप्टेंबर २००१ मध्ये ॲलेक्सी याशिन या आघाडीच्या खेळाडूशी १० वर्षांचा ८ कोटी ७५ लाख डॉलरचा करार झाला होता. परंतु मधल्या काळात लीगची अर्थव्यवस्था मुळापासून बदलली. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील वादामुळे टाळेबंदी झाली आणि २००४-०५ चा संपूर्ण हंगाम रद्द करावा लागला. जुलै २००५ मध्ये जो सामूहिक करार झाला, त्याने प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा घातली. २००५-०६ साठी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती, तर पुढील हंगामासाठी ४ कोटी ४० लाख.

या मर्यादेची मोजणी करण्याची पद्धत महत्त्वाची होती. एखाद्या खेळाडूला कोणत्या वर्षी प्रत्यक्ष किती पगार मिळतो हे पाहिले जात नसे; कराराची एकूण रक्कम भागिले वर्षे, अशी सरासरी मर्यादेत धरली जाई. त्यामुळे मुदत वाढवली की दरवर्षीचा भार हलका होई. शिवाय लीगचे उत्पन्न वाढेल तशी मर्यादाही वाढणार होती. म्हणजे आज दिलेला स्थिर पगार उद्या तुलनेने स्वस्त ठरणार होता.

डिपिएट्रो यांना दरवर्षी ४५ लाख डॉलर मिळणार होते. त्याच उन्हाळ्यात व्हँकुव्हरने लुओंगो यांच्याशी चार वर्षांचा जो करार केला, त्यात वर्षाला ६७ लाख ५० हजार डॉलर होते. म्हणजे आयलंडर्सने आपला गोलरक्षक दोन तृतीयांश दराने मिळवला आणि त्याची किंमत मुदतीच्या रूपाने मोजली. वाँग यांचा वाढीविषयीचा अंदाज अचूकही ठरला. ४५ लाख डॉलर हे २००६-०७ च्या मर्यादेच्या दहा टक्क्यांहून थोडे अधिक होते. कराराचे अखेरचे वर्ष ठरले असते त्या २०२०-२१ मध्ये मर्यादा ८ कोटी १५ लाखांवर होती, आणि तीच रक्कम तिच्या साडेपाच टक्केच भरली असती. डिपिएट्रो पंधरा वर्षे मध्यम दर्जाचा खेळ करत राहिले असते, तरी या कराराला आज दूरदृष्टीचा नमुना म्हटले गेले असते. ज्या संघाकडे नामांकित खेळाडू येत नाहीत त्याने, राहू इच्छिणाऱ्या खेळाडूला घट्ट धरून ठेवावे, हाही विचार अगदीच वेडगळ नव्हता.

मग वेडगळ काय होते? त्याच वर्षी जानेवारीत मार्टिन ब्रोडूर यांनी न्यू जर्सीशी करार केला. तीन स्टॅन्ली चषक जिंकलेल्या, पिढीतील सर्वांत सिद्ध अशा या गोलरक्षकाचा करार ६ वर्षांचा होता. सिद्ध झालेल्यास सहा वर्षे आणि सिद्ध व्हावयाचे आहे त्यास पंधरा, असा हा उलटा न्याय होता.

निर्णय घेणाऱ्या यंत्रणेची अवस्थाही लक्षात घ्यावी लागते. २००६ च्या उन्हाळ्यात नेमलेले महाव्यवस्थापक नील स्मिथ यांना सुमारे चाळीस दिवसांत काढून टाकण्यात आले. त्यांच्या जागी गार्थ स्नो आले. स्नो आदल्या हंगामात संघाचे राखीव गोलरक्षक होते, म्हणजे डिपिएट्रो यांचे सहकारी. खेळणे सोडून ते थेट महाव्यवस्थापकाच्या खुर्चीत बसले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत हा करार झाला. स्नो यांनी पुढे हे पद २०१८ पर्यंत सांभाळले, तेव्हा त्यांच्या कुवतीविषयी घाईने बोलणे योग्य नाही. तथापि मालकाच्या उत्साहाला विरोध करू शकेल असा अनुभवी आवाज त्या खोलीत उरला नव्हता, एवढे खरे.

गोलरक्षकाची पारख

बर्फावरील हॉकीत गोलरक्षकाचे मोजमाप मुख्यतः एका आकड्याने होते : त्याच्यावर आलेल्या फटक्यांपैकी त्याने शेकडा किती अडवले. त्या काळी सरासरी गोलरक्षक शंभरापैकी साधारण नव्वद फटके अडवत असे आणि अत्युत्तम गोलरक्षक ब्याण्णव. फरक दोनचाच, पण पूर्ण हंगामात मुख्य गोलरक्षकावर सुमारे १८०० फटके येतात. तेव्हा या दोनचे छत्तीस गोल होतात, आणि छत्तीस गोलांनी संघाचे नशीब पालटते.

आता संख्याशास्त्राचा साधा नियम लावून पाहावा. प्रत्येक फटका ही स्वतंत्र घटना मानली आणि अडवण्याची शक्यता शेकडा एक्क्याण्णव धरली, तर १८०० फटक्यांनंतर निव्वळ योगायोगाने येणारे प्रमाण विचलन शेकडा ०.७ च्या आसपास येते. याचा अर्थ असा की, कौशल्य तसूभरही न बदलता एकाच गोलरक्षकाचा आकडा एका हंगामी ८९.६ आणि दुसऱ्या हंगामी ९२.४ दिसू शकतो. सामान्य आणि असामान्य यांच्यातील जितके अंतर, जवळजवळ तितकेच योगायोगाचे माप! नाणेफेकीच्या निकालावरून नाण्याचा स्वभाव ठरवण्यासारखे हे आहे. नाणे पुष्कळ वेळा उडवल्याखेरीज काही बोलता येत नाही. त्यातच बचावफळी दुबळी असली तर फटके अधिक अवघड येतात, म्हणजे आकड्यात गोलरक्षकाबरोबर त्याचे सहकारीही मोजले जातात.

डिपिएट्रो यांचे आकडे या कसोटीवर पाहता काय दिसते? २००३-०४ मध्ये ५० सामन्यांत शेकडा ९१.१. २००५-०६ मध्ये ६३ सामन्यांत ९०.०. पहिला आकडा बरा, दुसरा सामान्य. त्या वर्षी तुरिन येथील हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ते अमेरिकेचे गोलरक्षक होते, म्हणजे गुणवत्तेची ओळख होती. पण 'गुण दिसतात' आणि 'गुण सिद्ध झाले' या दोन विधानांत जे अंतर आहे, ते या आकड्यांनी मुळीच ओलांडले नव्हते.

आणखी एक बाब आहे. टाळेबंदीनंतर लीगने केवळ पगाराचेच नियम बदलले नाहीत, खेळाचेही बदलले. गोलरक्षकाच्या संरक्षक साहित्याचा आकार कमी करण्यात आला. गोलच्या पाठीमागे एक समलंब चौकोन आखून, त्याबाहेर मागच्या कोपऱ्यांत जाऊन चकती हाताळण्यास गोलरक्षकाला मनाई झाली. डिपिएट्रो यांची ख्याती जागा सोडून पुढे-मागे जाण्याबद्दल आणि काठीने चकती सफाईने खेळवण्याबद्दल होती. नव्या नियमाने नेमका या कौशल्याचाच संकोच झाला. त्यांच्या १४३ सामन्यांपैकी ८० सामने जुन्या नियमांखालचे होते. ज्या खेळासाठी पुढील पंधरा वर्षे बांधली गेली, त्या खेळाचा पुरावा म्हणून हाती होते ते केवळ ६३ सामने, आणि त्यांतील आकडा सामान्य होता.

शरीराचा प्रश्न तर त्याहून वेगळा. गुडघे आत वळवून बर्फावर झटकन बसण्याची 'बटरफ्लाय' पद्धत या सुमारास सार्वत्रिक झाली होती. तीत खुब्याच्या सांध्यावर आणि गुडघ्यावर दिवसातून शेकडो वेळा अस्वाभाविक ताण येतो. आघाडीच्या खेळाडूचा वेग मंदावला तरी त्याला मागच्या फळीत, कमी वेळासाठी खेळवता येते. गोलरक्षकाला अशी दुसरी जागा नसते. तो गोलसमोर उभा राहील किंवा बाकावर बसेल.

कराराची सात वर्षे

कराराचे पहिले वर्ष मालकाला खूश करणारे गेले. २००६-०७ मध्ये डिपिएट्रो यांनी ६२ सामन्यांत ३२ विजय मिळवले, अडवणुकीचे प्रमाण ९१.९ वर गेले आणि संघ बाद फेरीत पोहोचला. याच सुमारास, जून २००७ मध्ये, याशिन यांचा दहा वर्षांचा करार सहा हंगामांनंतर मोडून, आठ वर्षांच्या हप्त्यांत १ कोटी ७६ लाख डॉलर देण्याची पाळी संघावर आली. धोक्याची ही घंटा घरातच वाजत होती. पण नवा करार तेव्हा यशस्वी दिसत असल्याने तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नसावे.

२००७-०८ मध्ये ६३ सामने झाले आणि प्रमाण ९०.२ वर उतरले. जानेवारी २००८ मध्ये अटलांटा येथे मानाच्या सामन्यासाठी त्यांची निवड झाली. त्यानिमित्त झालेल्या कौशल्य-प्रदर्शनात, म्हणजे ज्यात हार-जीत काहीच नसते अशा करमणुकीच्या कार्यक्रमात, त्यांच्या खुब्याला दुखापत झाली. येथून पुढे शस्त्रक्रियांची मालिका सुरू झाली : खुबा, मग गुडघा, मग पुन्हा गुडघा. २००८-०९ मध्ये ५ सामने, पुढच्या हंगामात ८. २०१०-११ मध्ये २६ सामने खेळता आले; पण २ फेब्रुवारी २०११ रोजी पिट्सबर्गच्या गोलरक्षकाशी झालेल्या हाणामारीत चेहऱ्याची हाडे मोडली. त्यानंतर ८ आणि मग ३. पहिल्या दोन हंगामांत १२५ सामने आणि पुढच्या पाच हंगामांत मिळून ५०, असा हा हिशेब आहे.

अर्थशास्त्राचा अभ्यासक दीर्घ हमीच्या करारात एका धोक्याची अपेक्षा ठेवतो : पगाराची शाश्वती मिळाल्यावर माणूस हातपाय हलवणार नाही. डिपिएट्रो यांच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडले. प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर ते परत आले, आणि इतकी मोठी मुदत अंगावर असताना कराराला पात्र ठरून दाखवण्याचा दबाव त्यांच्यावर सतत राहिला असणार. प्रेक्षकांनी त्यांना त्यांच्या खेळाने कमी आणि त्यांच्या कराराने अधिक मोजले. चार वर्षांच्या करारावर असते, तर दुखापतींनी अकाली संपलेल्या अनेक गुणी खेळाडूंत त्यांची गणना झाली असती आणि लोकांनी हळहळ व्यक्त केली असती. पंधरा वर्षांच्या कराराने ही सहानुभूतीही त्यांच्याकडून हिरावून घेतली. दीर्घ मुदतीचा धोका संघालाच असतो असे मानणाऱ्यांनी ही बाजू सहसा विचारात घेतलेली नाही.

फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांना ब्रिजपोर्ट येथील दुय्यम संघात पाठवण्यात आले. जुलैमध्ये करार संपवण्यात आला. आठ वर्षे आणि ३ कोटी ६० लाख डॉलर शिल्लक होते; त्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे २ कोटी ४० लाख डॉलर, सोळा वर्षांत देण्याचे ठरले. दरसाल १५ लाख. या हप्त्यांची मुदत २०२९ पर्यंत जाते. त्याच वर्षी दुसऱ्या एका संघाच्या दुय्यम शाखेकडून पाच सामने खेळून पाहिल्यावर डिपिएट्रो निवृत्त झाले. लीगमध्ये एकूण ३१८ सामने, १३० विजय.

पळवाटांचे करार आणि नियमांचा बदल

डिपिएट्रो यांच्या करारानंतर काही वर्षांत लीगमध्ये दीर्घ करारांची लाट आली. पण त्या करारांची जात निराळी होती. लुओंगो यांनी सप्टेंबर २००९ मध्ये व्हँकुव्हरशी १२ वर्षांचा, ६ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला. त्यात पहिल्या वर्षी १ कोटी डॉलर आणि शेवटच्या दोन वर्षांत प्रत्येकी १० लाख होते. ती शेवटची वर्षे खेळण्यासाठी नव्हतीच. सरासरी खाली ओढण्यासाठी ती जोडलेली होती. २०१० मध्ये न्यू जर्सीने इलिया कोव्हालचुक या आघाडीच्या खेळाडूशी १७ वर्षांचा १० कोटी २० लाख डॉलरचा करार केला, तेव्हा लीगने तो नामंजूर केला आणि लवादानेही लीगचे म्हणणे उचलून धरले. या तुलनेत डिपिएट्रो यांच्या करारात दरवर्षी सारखेच ४५ लाख होते. त्यात आडपडदा नव्हता. तो गोलरक्षक खरोखर पंधरा वर्षे खेळेल अशा श्रद्धेने तो केलेला होता. लबाडीच्या करारांना नियम लावून पकडता येते. प्रामाणिक पण चुकीच्या विश्वासाला कोणत्या नियमात बसवावे, हा अधिक अवघड प्रश्न होता.

२०११ मध्ये फिलाडेल्फियाने इलिया ब्रिझगालोव्ह या तिशी ओलांडलेल्या गोलरक्षकाला ९ वर्षांसाठी ५ कोटी १० लाख डॉलर देऊ केले. त्याची जागा पक्की झाल्याने पुढल्या वर्षी संघातील तरुण गोलरक्षक सर्गेई बोब्रोव्हस्की यांना कोलंबसकडे पाठवण्यात आले. बोब्रोव्हस्की यांनी तेथे पहिल्याच हंगामात सर्वोत्तम गोलरक्षकाचा व्हेझिना करंडक पटकावला. ब्रिझगालोव्ह यांचा करार त्याच उन्हाळ्यात, दोन हंगामांनंतर मोडला गेला आणि त्यांना चौदा वर्षांत २ कोटी ३० लाख डॉलर देणे आले. दीर्घ करार खिशातून पैसे तर नेतोच, शिवाय शेजारी उभ्या असलेल्या माणसाची वाटही बंद करतो.

२०१२ मध्ये पुन्हा टाळेबंदी झाली. मालकांची सुरुवातीची मागणी होती की, कोणताही करार पाच वर्षांहून अधिक नसावा. आपणच केलेल्या करारांपासून आपले रक्षण व्हावे, यासाठी मालकवर्गाने खेळाडूंशी भांडावे, हा प्रकार औद्योगिक संबंधांच्या इतिहासात विरळाच म्हणावा लागेल. जानेवारी २०१३ मधील तडजोडीने मर्यादा आली ती आपल्या खेळाडूसाठी आठ वर्षे आणि बाहेरच्यासाठी सात. शिवाय प्रत्येक संघाला दोन करार वेतनमर्यादेचा भार न पडता संपवण्याची मुभा मिळाली. डिपिएट्रो आणि ब्रिझगालोव्ह यांचे करार याच मुभेखाली संपले. मुदतीपूर्वी निवृत्त होणाऱ्या खेळाडूच्या दीर्घ कराराचा जुना फायदा संघाकडून वसूल करण्याचा नियमही आला. २०१९ मध्ये लुओंगो निवृत्त झाल्यावर व्हँकुव्हरला तीन हंगाम दरसाल सुमारे ३० लाख डॉलरची मर्यादा गमवावी लागली.

नियमाने मुदत आखडली. पारख मात्र होती तेथेच राहिली. न्यू जर्सीने जुलै २०१४ मध्ये कोरी श्नायडर यांच्याशी ७ वर्षांचा, ४ कोटी २० लाख डॉलरचा वाढीव करार केला. त्या वेळी त्यांचे सामने होते १४३, म्हणजे योगायोगाने डिपिएट्रो यांच्याइतकेच. श्नायडर यांचे आकडे कितीतरी सरस होते आणि करारावर टीका झाली तरी ती क्षीण होती. पुढे त्यांचाही खुबा गेला. २०१७ च्या डिसेंबरपासून २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत नियमित हंगामातील एकही विजय त्यांना मिळाला नाही आणि २०२० मध्ये करार मोडला गेला. पण येथे शिल्लक होती केवळ दोन वर्षे. चार हंगामांत दरसाल २० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटले. खुब्याचे दुखणे जवळपास एकाच जातीचे. एकाचे हप्ते सोळा वर्षांचे, दुसऱ्याचे चार. नियमाने केलेला फरक तो एवढाच, आणि तो लहान नाही.

दीर्घ करार नेहमीच बुडतात असे म्हणणे अर्थात चूक ठरेल. बोब्रोव्हस्की यांनी २०१९ मध्ये फ्लोरिडाशी ७ वर्षांचा ७ कोटी डॉलरचा करार केला. पहिली काही वर्षे तो पैशाचा अपव्यय समजला गेला. पुढे २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोन स्टॅन्ली चषक संघाने जिंकले, तेव्हा गोलसमोर तेच उभे होते. मात्र करार झाला त्या वेळी त्यांच्याकडे दोन व्हेझिना करंडक आणि नऊ हंगामांचा पुरावा होता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बॉस्टनने जेरेमी स्वेमन यांच्याशी ८ वर्षांचा ६ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. तोवर त्यांचे १३२ सामने झाले होते. त्याच हंगामात त्यांचे अडवणुकीचे प्रमाण ८९.२ वर उतरले. २०२५ मध्ये झालेल्या नव्या सामूहिक करारानुसार सप्टेंबर २०२६ पासून कमाल मुदत आणखी एका वर्षाने कमी होऊन सात आणि सहा अशी ठरली आहे. या बदलाला जुलैमध्ये मान्यता मिळाली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, सप्टेंबर २०२५ मध्ये, कॅलगरीने डस्टिन वुल्फ या तरुण गोलरक्षकाशी ७ वर्षांचा ५ कोटी २५ लाख डॉलरचा वाढीव करार केला. २०१९ च्या निवडसत्रात वुल्फ यांचा क्रमांक २१४ वा होता. करारावर सही करताना त्यांच्या नावावर ७१ सामने होते, म्हणजे डिपिएट्रो यांच्या १४३ च्या निम्मेही नव्हेत. हा करार २०३३ मध्ये संपेल; डिपिएट्रो यांचा शेवटचा हप्ता त्याआधी चार वर्षे फिटलेला असेल.